चाळीस मजल्यांच्या आधी

पणजीजवळच्या पर्वरीतील आमच्या सात मजली इमारतीचा पंप पहाटे पावणेपाचला सुरू होतो. रात्री नळाला आलेले पाणी जमिनीखालच्या टाकीत जमलेले असते, ते गच्चीवर चढवायचे असते, आणि ते चढताना आमच्या न्हाणीघराच्या भिंतीतून जो घुमारा येतो त्यावरून खालची टाकी किती भरली होती हे मला अंथरुणातूनच कळते. एप्रिल लागला की घुमारा लवकर थांबतो, पंप कोरडा ओढू लागतो आणि सहाच्या सुमारास फाटकाशी टँकर येऊन उभा राहतो. क्लीनर जाड पाइप खांद्यावर घेऊन मोटारींच्या मधून वाट काढतो, टाकीचे झाकण सरकवतो, आणि पाणी पूर्ण उतरले की नाही हे पाहण्यासाठी इमारतीतले कोणीतरी तिथे उभे राहते. मी सहा वर्षे सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो माणूस मीच असे. हे पाणी कोणत्या गावच्या विहिरीतून येते, असे मी एकदा विचारले. उत्तर मिळाले नाही, आणि मी पुन्हा विचारलेही नाही, याची मला आज खंत वाटते.

गोव्यातील एखाद्या शहरात चाळीस मजल्यांचे, दुकाने, कार्यालये, हॉटेल आणि सदनिका एकाच आवारात सामावणारे संकुल उभे राहावे की नाही, हा प्रश्न निघाला की मला प्रथम ती पहाट आठवते. तरीही मी अशा संकुलाच्या विरोधात सरसकट उभा नाही, आणि हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण गोव्यात या विषयावर बोलणाऱ्याला लोक चटकन एका बाजूला उभे करतात. माझे म्हणणे असे आहे की आपल्या टेकड्या आणि खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, वाचवायच्या असतील तर शहरांच्या काही भागांत आपल्याला आजच्यापेक्षा उंच बांधावे लागेल. पण ही उंची टेकडी वाचवण्याच्या कायदेशीर बांधिलकीला जखडलेली असेल तरच ती द्यावी, एरवी एक मजलासुद्धा वाढवून देऊ नये. आज ही बांधिलकी कुठल्याच कायद्यात नाही, म्हणून आजच्या स्थितीत असे संकुल मला मान्य नाही.

उंचीची बाजू आधी मांडतो, कारण ती आमच्याकडे क्वचितच प्रामाणिकपणे मांडली जाते. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. त्यातून पश्चिम घाटाची अभयारण्ये, खाणपट्टा, नद्यांची पात्रे आणि भरतीच्या पातळीखालची खाजने वजा केली की वस्तीसाठी उरणारी जमीन फार थोडी आहे. चारशे कुटुंबांना प्रत्येकी पाचशे चौरस मीटरच्या भूखंडावर बंगले द्यायचे ठरवले तर नुसत्या भूखंडांनाच वीस हेक्टर लागतात. रस्ते, वळणे, उतार कापून केलेल्या भिंती या निराळ्या. तीच कुटुंबे मध्यम आकाराच्या सदनिकांत राहिली, तर दोन चटई निर्देशांकाने, म्हणजे भूखंडाच्या दुप्पट बांधकाम धरून, दोन हेक्टरांत मावतात. आमच्या बार्देश तालुक्यात गेल्या काही वर्षांत टेकडीच्या पोटात शिरून, प्रत्येक घराला पोहण्याचा तलाव लावून ज्या बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्या दोन मजल्यांच्या आहेत म्हणून रस्त्यावरून कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. पण सड्याची, म्हणजे जांभ्याच्या पठाराची, जमीन आणि तिच्या पोटातले पाणी त्यांनी गिळले आहे. जांभ्याचा सडा पावसाळाभर पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते पायथ्याच्या झऱ्यांना देतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. पणजीतील फोंतेन या वस्तीचे नावच झऱ्यावरून पडले आहे, आणि आल्तिनो टेकडीच्या उतारावरच्या झऱ्यांवर त्या शहराने अनेक पिढ्या काढल्या.

दुकान, कचेरी आणि घर एकाच ठिकाणी असावे ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारातील जुन्या इमारती पाहाव्यात. खाली कापडाचे दुकान, मागे गोदाम, वर मालकाचे बिऱ्हाड आणि शेजारच्या खोलीत वकिलाची कचेरी अशी त्यांची रचना असे. माणूस जिना उतरला की कामावर पोचत असे. बहुउद्देशीय संकुलाचे समर्थक हेच सांगतात, की राहणे, काम आणि बाजार जवळ आले की प्रवास कमी होतो. ज्या राज्यात नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन ठेपली आहे, तिथे या मुद्द्याचे वजन मोठे आहे.

पण जिना उतरून कामावर जाणारा माणूस कोण, हे पाहिल्याशिवाय हा मुद्दा सिद्ध होत नाही. संकुलातील दुकानात उभी राहणारी मुलगी डिचोलीहून येणार असेल, हॉटेलातील स्वयंपाकी पेडण्याहून दुचाकी हाकत येणार असेल, आणि वरच्या सदनिकेचा मालक वर्षातून तीन आठवडे उतरणार असेल, तर तिन्ही गोष्टी एका आवारात असूनही प्रवास एका फेरीने कमी होत नाही, उलट वाढतो. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे एक पंचमांश घरे रिकामी आढळली होती. आमच्या इमारतीपुरते सांगायचे तर, वीजबिलांच्या वाटपाच्या निमित्ताने मी दर महिन्याला सगळे मजले चढत असे, आणि काही दारांच्या कडीत मागच्या महिन्याचे बिल तसेच खोचलेले सापडे. चतुर्थीत हे पाहणे अन्यायाचे झाले असते, कारण तेव्हा आम्ही सगळेच मूळ घरी जातो आणि अख्ख्या पर्वरीत अंधार असतो. मी सांगतो आहे ते जुलैतल्या साध्या मंगळवारचे. या बंद घरांसाठीही पाण्याची जोडणी राखून ठेवलेली असते, मोटारीची जागा आखलेली असते आणि लिफ्ट चालू ठेवावी लागते.

असे संकुल चांगले कसे होते, याचे एक उदाहरण मला विचार करण्याजोगे वाटते. टोकियोतील रोप्पोंगी हिल्स 2003 मध्ये खुले झाले. सुमारे 11 हेक्टरांच्या त्या आवारात 54 मजल्यांचा, 238 मीटर उंचीचा मुख्य मनोरा आहे, निवासी इमारती आहेत, हॉटेल आहे, दूरचित्रवाणी केंद्र आहे, आणि मनोऱ्याच्या 53 व्या मजल्यावर, जिथे दुसऱ्या कोणी सर्वांत महाग कचेरी काढली असती तिथे, कलासंग्रहालय आहे. त्या जागी पूर्वी लहान लाकडी घरांची दाट वस्ती होती आणि गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की आगीचा बंब आत जाऊ शकत नसे. तिथल्या सुमारे 400 जमीनमालक आणि हक्कदारांशी बोलणी करून प्रकल्प उभा राहायला सुमारे 17 वर्षे लागली. बरेच जुने रहिवासी नव्या इमारतींत परतले. संकुलाला स्वतःचे वायूवर चालणारे वीजनिर्मिती केंद्र आहे, आणि 2011 च्या भूकंपानंतर टोकियोत विजेची टंचाई झाली तेव्हा तिथून शहराच्या वीज कंपनीला वीज पुरवता आली.

हे सगळे स्वर्गीय आहे असे मी म्हणत नाही. तिथली भाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत, आणि उघडल्यानंतर वर्षभरातच, मार्च 2004 मध्ये, मनोऱ्याच्या स्वयंचलित फिरत्या दारात अडकून सहा वर्षांचा एक मुलगा दगावला. मला त्यातून घ्यायचा आहे तो तिथल्या कामाचा क्रम. तिथे आधी माणसांची संमती मिळवली, रस्त्यांची आणि विजेची तजवीज आराखड्यातच धरली, आणि त्यानंतर मनोरा चढला. 17 वर्षे हा वेळ वाया गेला असे तिथल्या विकासकाने मानले नाही. आमच्याकडे ग्रामसभेचे तीन तास वाया गेले असे मानणारे लोक आहेत.

उलट क्रम काय करतो ते पाहायला फार दूर जावे लागत नाही. गोव्यातील कितीतरी मराठी घरांचे धागे गिरगाव आणि परळशी जुळलेले आहेत, त्यामुळे गिरणगावाचे काय झाले हे आम्ही नातेवाइकांच्या डोळ्यांनी पाहिले आहे. 1982 च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम 58 आला. त्याचा आशय असा होता की जमिनीचा एक वाटा शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला मिळावा. 2001 मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मैदाने आणि परवडणारी घरे यांचा वाटा आक्रसला आणि गिरण्यांच्या धुराड्यांच्या जागी मनोरे आले. एका दुरुस्तीतल्या काही शब्दांनी एवढे झाले. मुंबईकरांना मनोरे मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. मनोऱ्यांच्या बदल्यात जे मिळायचे होते ते मिळाले नाही, याचे वाटते.

गोव्यात आपण नेमक्या याच जागी उभे आहोत. 1974 च्या नगरनियोजन कायद्याचा गाभा असा की आधी साऱ्या प्रदेशाचा आराखडा व्हावा, लोकांनी तो पाहावा, हरकती घ्याव्यात, आणि मग त्याप्रमाणे परवाने मिळावेत. 2011 सालापर्यंतच्या वाढीसाठी केलेल्या प्रादेशिक आराखड्यात टेकड्या आणि किनारे वस्तीला खुले केल्याचे लक्षात आल्यावर लोक रस्त्यावर उतरले, गोवा बचाव अभियानाने रान उठवले आणि 2007 च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. 2021 पर्यंतचा आराखडा त्यानंतर गावागावांत नकाशे टांगून, लोकांच्या सूचना घेऊन तयार झाला. त्यासाठी नेमलेल्या कृती दलाच्या कामात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग होता. ज्यांनी मुंबईत कांचनजंगा हा 28 मजल्यांचा मनोरा रचला आणि पणजीत मांडवीच्या काठी कला अकादमीची इमारत बुटकी, पसरट ठेवली, त्या माणसाला कुठे उंच जावे आणि कुठे वाकावे हे कळत होते. तो आराखडा 2012 मध्ये स्थगित झाला, पुढे पुन्हा लागू झाला, आणि आता त्याला भोके पडत आहेत.

ही भोके याच नगरनियोजन कायद्यात नंतर घातलेल्या कलमांतून पाडली जातात. 2018 चे 16 ब, 2023 चे 17(2) आणि 2024 चे 39 अ ही कलमे वाचली तर त्यांची भाषा निराळी आणि परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे एका भूखंडाच्या मालकाने अर्ज करावा आणि त्या भूखंडापुरता झोन बदलून मिळावा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालील नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरवली. हा निकाल महत्त्वाचा आहे. पण भूखंडागणिक बदलाची वृत्ती निकालाने जात नाही. चाळीस मजल्यांचे संकुल हे कोणत्याही शहराच्या नियोजनातले सर्वांत मोठे एक पाऊल असते. ते पडल्यावर रस्ते, नाले, शाळा, स्मशानभूमी, सगळ्यांचा हिशेब बदलतो. ज्या व्यवस्थेत हे पाऊल एका अर्जावर पडू शकते, तिथे आराखडा ही भिंतीवरची तसबीर होते.

आता पाण्याचा हिशेब. मलनिस्सारण असलेल्या शहरांत माणशी दररोज 135 लिटर पाणी धरावे, असा आपल्याकडचा मान्य निकष आहे. मनोऱ्यात चारशे कुटुंबे आणि प्रत्येक घरात चार माणसे धरली, तर रोजची गरज 2 लाख 16 हजार लिटर होते. आमच्या फाटकाशी येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे नळ एक दिवस बंद पडला तर एकवीस-बावीस टँकर लागतील, आणि हा हिशेब हॉटेल, कार्यालये, वातानुकूलन आणि बाग सोडून आहे. पणजी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येते. ऑगस्ट 2019 मध्ये कुर्टी-खांडेपार येथे मुख्य जलवाहिन्या फुटल्या तेव्हा पणजी आणि परिसर भर पावसाळ्यात कित्येक दिवस पाण्यावाचून राहिला होता. बार्देश तिळारीच्या कालव्यावर अवलंबून आहे, आणि तो फुटला की आमचे नळ आटतात. ज्या खांडेपार नदीवर ओपा उभे आहे ती म्हादईच्या खोऱ्यातली आहे, आणि त्या खोऱ्यातील 13.42 टीएमसी पाणी लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाच्या वाट्याला दिले आहे. म्हादईसाठी आपण दिल्लीपर्यंत भांडतो, ते योग्यच आहे. परंतु खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आपण किती नवी तोंडे लावतो आहोत, याचा जमाखर्च त्याच भांडणात मांडला पाहिजे. वीज तर आपली नाहीच. गोवा जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून घेतो.

तळघरांकडे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून थोडे त्यांच्याविषयी. उंच संकुलाला मोटारींसाठी दोन-तीन मजले खाली जावे लागते. पणजीचा पाटो भाग भराव घालून झाला आहे आणि शहराच्या सखल भागांत भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी नाल्यांतून परत रस्त्यावर येते. अशा जमिनीत खोल खणताना पंप लावून भूजल सतत उपसावे लागते, आणि तो उपसा चालू असेपर्यंत आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली जाण्याचा धोका राहतो. नदी जवळ असेल तर विहिरीला खारे पाणी लागण्याचाही. शेजारच्या विहिरीवाल्याला या गोष्टीची नोटीस द्यावी असे आपल्या परवान्यांत कुठे लिहिलेले असते?

आणि आग. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार 15 मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत ही उंच इमारत गणली जाते. तिला स्वतंत्र पाणीसाठा, अग्निशमनाची लिफ्ट, धूर न शिरणारे जिने आणि आणखी उंचीवर आसऱ्याचे मजले लागतात. हे सगळे नकाशावर दाखवता येते. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत 25 माणसे गेली, आणि अरुंद वाटेमुळे बंबांना दूरच थांबावे लागले. ती इमारत गगनचुंबी नव्हती. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणात चावडी येथे बांधकाम चालू असताना कोसळून 31 मजुरांचा बळी घेणारी इमारतही पाच मजल्यांचीच होती. जमिनीलगतच्या इमारतींवर ज्या व्यवस्थेची नजर पोचत नाही, ती चाळिसाव्या मजल्यावरचे बंद केलेले जिने पाहायला दरवर्षी चढेल, असा विश्वास मला ठेवता येत नाही. हा विश्वास आधी कमवावा लागेल आणि त्याची सुरुवात आज उभ्या असलेल्या इमारतींपासून व्हावी लागेल.

इथे माझे अनेक मित्र मला विचारतील की एवढे सगळे माहीत असताना उंचीला साफ नकार का देत नाहीस. चिंबलच्या लोकांनी तोयार तळ्यासाठी युनिटी मॉल आणि प्रशासन स्तंभ या सरकारी प्रकल्पांना विरोध केला, सांकवाळच्या लोकांनी टेकडीवरच्या महाप्रकल्पाविरुद्ध आवाज उठवला. ही माणसे आपली कामे टाकून बसली, त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि त्या दोन्ही ठिकाणी मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण नकाराने एक संकुल थांबते, मागणी थांबत नाही. ती दुसऱ्या गावच्या सड्यावर जाते, बंगल्यांच्या रूपाने जाते, आणि तिथे आंदोलन करायला माणसे उरलेली नसतात. गोव्याच्या तरुण जोडप्याला पणजीत घर घेणे परवडत नाही, म्हणून ते दूर जाते आणि दुचाकीवरून परत येते. या माणसांना आपण काय देणार आहोत, याचे उत्तर आंदोलनाला द्यावे लागेल.

माझे उत्तर असे. मुंबईत 1991 पासून विकास हक्कांचे हस्तांतरण चालत आले आहे. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडते त्याला तिथले बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरता येतात वा विकता येतात. तिथे ते बिघडले, कारण हक्क कुठल्या रस्त्यावर, किती पाण्यावर उतरणार याचा विचार न करता उपनगरांवर त्यांचा भार टाकला गेला. गोव्याने ते आपल्या गरजेप्रमाणे उलटवून घ्यावे. शहरातील मोजके, खडकाळ पायाचे, रुंद रस्त्याचे पट्टे संपूर्ण आराखड्यातून, जाहीर सुनावणी घेऊन ठरवावेत, एकेका अर्जावर नव्हे. तिथे मूळ निर्देशांकाहून वरचा प्रत्येक चौरस मीटर टेकडीवरच्या, सड्यावरच्या किंवा झऱ्याच्या पाणलोटातल्या वस्तीयोग्य ठरवलेल्या जमिनीचे हक्क कायमचे विकत घेऊनच मिळावा. सदनिकांचा ठरावीक वाटा गोव्यात राहून नोकरी-धंदा करणाऱ्यांना, ठरावीक किमतीला द्यावा, आणि वर्षातले बहुतेक महिने बंद राहणाऱ्या घरावर पालिकेने जबर कर लावावा. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाची क्षमता संबंधित खात्यांनी आकड्यांत लिहून दिल्याशिवाय पायाचा परवाना देऊ नये; आज मिळतो तो दाखला 'हरकत नाही' एवढेच म्हणतो, पाणी कुठून येणार हे म्हणत नाही.

यातली टेकडीची अट कागदावर राहू नये यासाठी ती अशा ठिकाणी लिहिली गेली पाहिजे जिथे गोव्यातला प्रत्येक जमीनधारक पाहतो. कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामायिक मालकीची, जमीन असो, देवस्थानची असो वा खासगी, आपल्याकडे जमिनीचा माणूस आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, पाहतो. विकलेल्या टेकडीच्या उताऱ्यावर, या भूखंडावरचे बांधकामाचे हक्क अमुक संकुलाला कायमचे दिले गेले आहेत अशी नोंद मामलेदाराने करावी, ती विधानसभेच्या ठरावाशिवाय काढता येऊ नये, आणि मनोऱ्याच्या पहिल्या सदनिकेला निवासी दाखला मिळण्याआधी तो उतारा पंचायतीच्या फलकावर लागलेला असावा.